चौकातील कलाकृतीसाठी रहिवाशांचे मत कसे घ्यावे?

गल्लीकर : लातूरमधील आमच्या चौकाचे नूतनीकरण होत असून मधोमध फायबरची मोरांची जोडी बसवण्याचा प्रस्ताव आहे. असे मोर कोणत्याही गावात शोभतील. आमच्या वस्तीची ओळख दिसावी, यासाठी रहिवाशांना कसे सहभागी करून घ्यावे?

औसेकर : ‘काय हवे?’ असे विचारल्यास कारंजे आणि पुतळा हीच उत्तरे येतील, म्हणून आठवणी विचाराव्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, त्या उन्हाळ्यात टँकरसमोर रांगा लावणाऱ्या स्त्रिया आपल्याही वस्तीत असतील. त्यांच्या जुन्या घागरी मागवून, त्यांवर ठोके मारून कोरलेली नावे तशीच ठेवून, एखादी भिंत घडवता येईल. (प्लास्टिकच्या घागरी वगळू नयेत, रांगेत त्याच अधिक होत्या.)

मराठवाडी : कल्पना उत्तम आहे, परंतु मे महिन्यातील चाळीस अंशांपुढच्या उन्हात प्लास्टिक तडकेल आणि पितळ चोरीला जाईल. त्यापेक्षा घागरींचे आकार व नावे काळ्या दगडात कोरून घ्यावीत, दगडाचा ओटा बसण्याजोगा ठेवावा आणि शेजारी कडुनिंब लावावा. सावली नसेल तर दुपारी तेथे कोणी फिरकणार नाही. देखभालीचा खर्च मात्र निविदेतच लिहून घ्यावा.

बाजारकरी : हातगाडीवाल्यांना विसरू नये. गंजगोलाई या लातूरच्या मध्यवर्ती बाजारपेठेला १६ रस्ते मिळतात आणि तेथील वर्दळ बाजारामुळेच आहे. आराखडा मंजूर होण्यापूर्वी चौकात चुन्याने प्रत्यक्ष मापाची आखणी करावी आणि गाडे, रिक्षा कोठून वळतात ते आठवडाभर पाहावे.