कीटावाले (बालवाडीवाले) म्हणतात घरात जर्मन बोला. मुलीशी मराठी बंद करू का?

पारिजात_म्युनिक
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. आम्ही म्युनिकला असतो, नवरा आयटीत, मुलगी आता चार वर्षांची होईल. ती इथल्या कीटात म्हणजे बालवाडीत जाते. मागच्या आठवड्यात तिथल्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं, म्हणाल्या ती गटात फारशी बोलत नाही, बाकीची मुलं खेळत असली की बाजूला उभी राहते, तर तुम्ही घरी तिच्याशी जर्मनच बोला. बाई चांगल्या आहेत, काळजीनेच सांगितलं त्यांनी, पण तेव्हापासून नवऱ्याने मनावरच घेतलंय. त्याच्या ऑफिसमध्ये सगळं इंग्लिश, त्यामुळे त्याचं जर्मन संध्याकाळच्या क्लासपुरतं, आणि मी त्याच्या ब्लू कार्डवर (इथला नोकरीचा परवाना) आले त्यामुळे मला ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची, अट पण नव्हती, आत्ता कुठे सरकारी इंटिग्रेशन कोर्स चालू आहे, बी-वनची (मधल्या पातळीची) परीक्षा व्हायचीय. मग होतं काय, की जेवताना सगळं "इस", "कोम", "फेर्टिश?" म्हणजे "खा", "ये", "झालं?" एवढ्यावर उरकतं. आधी वरणभात भरवताना मी तिच्याशी केवढं बोलायचे, सांगलीच्या मळ्यातली विहीर, म्हशीला झालेलं रेडकू, बाहेर बर्फ का पडतो, आणि तिचे प्रश्न संपायचे नाहीत. आता ती गप्प जेवते. रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला की "हालो" करून पळून जाते. शाळेत तिला जड जाऊ नये म्हणून मराठी खरंच थांबवायची का? कोणी यातून गेलंय का, प्लीज सांगा.

न्युर्नबर्गची_काकू
अगं अजिबात बंद करू नकोस. माझी दोन्ही मुलं इथेच वाढली, मोठा आता गिम्नाझियमला (माध्यमिक शाळेत) आहे, आमच्या घरात आजही मराठीच. मुलाला भाषा येते ती भरपूर आणि मोकळं बोलणं ऐकून, आणि तसं बोलणं तुला मराठीतच येतं ना? तीन शब्दांचं जर्मन ऐकवून तिचं जर्मन सुधारणार नाही, वर तुझ्याशी बोलायची सवय मोडेल ते वेगळंच. दोन भाषांत वाढणाऱ्या पोरांचे शब्द दोन्हीकडे वाटलेले असतात, त्यामुळे नुसते जर्मन मोजले तर कमी भरतात, दोन्हीकडचे मिळून मोजायचे असतात. आणि नव्या भाषेत शिरताना काही मुलं बराच काळ नुसती ऐकत राहतात, मग एकदम बोलायला लागतात.

पण बाईंचं म्हणणं उडवून पण लावू नकोस. चौथ्या वाढदिवसाच्या आसपास बालरोगतज्ज्ञांकडे यू-८ तपासणी असते, त्यात कान तपासतात, बोलणं बघतात, तिथे स्पष्ट सांग की घरी मराठीत ही किती आणि कसं बोलते. मराठीतही वाक्यं जुळत नसतील तर लोगोपेडी म्हणजे वाचा-उपचार लिहून देतात, आणि मराठीत घडाघडा बोलत असेल तर मग प्रश्न फक्त जर्मन कानावर पडण्याचा आहे. बायर्नमध्ये, म्हणजे आपल्या राज्यात, शाळेआधी 'फोअरकुर्स डॉइच २४०' हा जर्मनचा पूर्वतयारी वर्ग असतो, नावाप्रमाणे २४० तासांचा, अर्धे तास कीटात आणि अर्धे प्राथमिक शाळेच्या शिक्षिका घेतात, त्याची चौकशी आत्तापासूनच करून ठेव. कीटातली एखादी मैत्रीण दुपारी घरी खेळायला बोलाव, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आणि ती जर्मनमध्ये बोलली तर तोडायचं नाही. माझी धाकटी यायची आणि सांगायची "आई, हॉयटे वार इष इम झांडकास्टन" (आज मी वाळूच्या हौदात होते), मी म्हणायचे "हो का, वाळूत खेळलात? काय केलंत मग, किल्ला?" की ती पुढचं अर्धं मराठीत सांगायची. ओरडायचं नाही, "मराठीत बोल" असा दम द्यायचा नाही, आपण आपलं मराठीत उत्तर देत राहायचं.

स्टुटगार्टकर
काकूंशी सहमत आहे पण एक बाजू राहतेय. पारिजात ताई, मुलीपेक्षा तुमचं जर्मन जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. इथे बऱ्याच घरांत बघतो, आईला भाषा येत नाही म्हणून डॉक्टरकडे, बँकेत आठ-दहा वर्षांचं पोर दुभाष्या होतं, आणि मग त्या पोराच्या मनात आईची भाषा म्हणजे कमीपणा असं बसतं. कोर्सचे ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या माहितीचे, ते नुसते परीक्षेपुरते करू नका, बी-वन झालं की थांबू नका, कीटाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहा, चुकलं तर चुकू दे. नागरिकत्वाला बी-वन पुरतं हो, पण पालकसभेत उभं राहून आपल्या मुलीची बाजू मांडायला त्याच्या पुढचं लागतं. आई बाहेर ठामपणे जर्मन बोलते आणि घरात हौसेने मराठी, हे मुलीला दिसलं पाहिजे.

लोदचा_पेणकर
मी इस्रायलमधून लिहितोय. आम्ही बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू, मूळ कोकणातले, आडनावावरून कळलंच असेल. मी दहा वर्षांचा असताना आईवडील मुंबईहून इकडे आले. मोठ्यांना उल्पानला घालायचे, तिथे हिब्रू शिकायची, आणि सगळीकडून एकच सांगणं, मुलांशी हिब्रू बोला म्हणजे ती इथली होतील. त्या काळी आमच्या लोकांवर आधीच दडपण होतं, आम्ही पुरे ज्यू आहोत की नाही यावरच वाद, १९६४ साली तो मिटला त्याच्या आधी आमच्या माणसांना त्यासाठी संप, निदर्शनं करावी लागली. अशा वेळी कोण आपली भाषा रस्त्यात मोठ्याने बोलेल सांगा. माझी आई घरात मराठीच बोलली, तिला दुसरं जमत नव्हतं म्हणून, आणि त्यामुळे माझी टिकली. माझी धाकटी भावंडं इथे जन्मली, त्यांना कळते पण बोलता येत नाही, आणि त्यांच्या मुलांना कळतही नाही. हिब्रू सगळ्यांना उत्तम आली, घरात मराठी होती म्हणून कोणाची अडली नाही.

बाकी बरंच टिकलं. लग्न असो, नवस असो, मलिदा होतोच, गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताची प्रार्थना. १ मेला महाराष्ट्र दिन पण साजरा करतात. पण जुन्या बायका मराठीत कीर्तन गायला लागल्या की तरुण पोरं फोनवर शूटिंग करतात, अर्थ विचारायला मग आमच्याकडे येतात आणि आम्ही आता मोजकेच उरलो. सण आपोआप पुढच्या पिढीकडे जातो, भाषा जात नाही, ती कोणीतरी रोज बोलावी लागते. मुली, तू बोलत राहा.

चेन्नईतली_मराठी
आमच्याकडचं पण सांगते. आम्ही तंजावर मराठी, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं त्यानंतर तिकडे गेलेली घरं. शाळा तमिळ, शेजार तमिळ, १८५५ मध्ये राज्यही गेलं, तरी घरात मराठी बोलणारे लोक अजून आहेत. तुम्हाला आमची मराठी ऐकून वेगळी वाटेल, तमिळ शब्द भरपूर, माझी आजी तर पत्रं सुद्धा मराठीतच पण तमिळ अक्षरांत लिहायची. शुद्ध बोलण्याचा हट्ट धरू नका एवढंच सांगायचं होतं. मुलीने "आई मला श्पीलत्सॉइग (खेळणी) दे" म्हटलं तर ते मराठीच आहे.

पारिजात_म्युनिक
सगळ्यांचे मनापासून आभार. पेणकरकाका, तुमचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला उद्यापासून रात्रीची गोष्ट मी सांगतो, मराठीत. काल वरणभातावर परत रेडकाचा विषय काढला तर तिने स्वतःच विचारलं "त्याला कू (गाय) म्हणायचं का काल्ब (वासरू)?" आणि मग रेडकाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते आम्ही दोघींनी मिळून शोधलं. यू-८ ची वेळ घेतलीय पुढच्या महिन्यातली. काकू, फोअरकुर्ससाठी अर्ज कीटाकडे द्यायचा की शाळेकडे? आणि स्टुटगार्टकर, बी-टू या पुढच्या पातळीसाठी संध्याकाळचे कोर्स फोक्सहोखशूलमध्ये (प्रौढांच्या शिक्षण केंद्रात) असतात ना, ते बरे का?