मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात डिस्कस मासा जगेल का?

नमस्कार मंडळी, नाशिकला सिडकोत राहतो. डिस्कसचं वेड कॉलेजपासूनचं. आता कुठे चार फुटी टँक घरात आला (बायकोची परवानगी कशी मिळवली ते विचारू नका). अडचण पाण्याची. आमच्याकडे नळाच्या पाण्यात बोअरचं मिसळतं. टेस्ट किटवर पीएच ८, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, म्हणजे पाणी जड, क्षारांचं. डिस्कस पडला ॲमेझॉनचा, त्याला मऊ, ६ ते ७ पीएचचं, २८-३० अंशांचं पाणी हवं. निम्मं आरओ मिसळून भागेल का? दर आठवड्याला तेवढं आरओ काढायचं म्हणजे वाया जाणारं पाणी बघून जीव जळतो. की हट्ट सोडून मलावी सरोवरातले सिक्लिड मासे आणू? त्यांना जड पाणीच मानवतं. आणि डिसेंबरच्या थंडीत हीटर किती वॅटचा लावता? नाशकात कुणी डिस्कस टिकवलाय का?