बुटातून वीज: मोबाइल का चार्ज होत नाही?

प्रश्न: आमच्या नववीच्या मुलींनी प्रदर्शनासाठी बुटाच्या टाचेखाली पिझो चकत्या (दाब पडला की वीज देणाऱ्या) बसवल्यात. पाऊल पडलं की एलईडी लुकलुकतो, पण मोबाइल ढिम्म! पोरी हिरमुसल्यात. काय करू?

– सर, पिझोत व्होल्टेज भरपूर, करंट नगण्य. प्रत्येक चकतीला चार डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) स्वतंत्र ब्रिज, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारी जोडणी, द्या, नाहीतर एकीची वीज दुसरीत जिरते. मग कपॅसिटरमध्ये साठवा. मोबाइलचा नाद सोडा. छोटा सेन्सर चालला तरी खूप झालं.

– मुलींना ‘सॉकेट’ या खेळताना वीज साठवणाऱ्या फुटबॉलबद्दल सांगा. हार्वर्डच्या जेसिका मॅथ्यूज, ज्युलिया सिल्व्हरमन वगैरे विद्यार्थिनींनी २००८ मध्ये सुचवलेला. आत लंबकासारखी यंत्रणा. अर्धा तास खेळलं की एलईडी दिवा काही तास चालायचा.

– आभार! उद्याच ब्रिज बदलतो. डायोड कुठला घेऊ?

– शॉटकी घ्या. त्यात व्होल्टेज कमी वाया जातं.