मदत हवी आहे: ऑफिसच्या पत्रव्यवहारापुरतं बी-टू जर्मन, सांगलीत राहून

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एक्स्पोर्टचं काम बघते. जर्मनची बी-वन पातळी झालीय (बी-टू ही त्यापुढची), बोलणं निभावतं. घोडं अडतं ईमेलपाशी. 'झेअर गेएर्टे डामेन उंड हेरेन' (माननीय महोदया, महोदय), मग स्वल्पविराम, पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर स्मॉल, इथवर ठीक. पण माल उशिरा पोचल्याची तक्रार आली की कोन्युंक्टीव्ह-टू (क्रियापदाचं 'झालं असतं' छापाचं, नम्रपणे बोलायचं रूप) वापरून नम्र, तरी ठाम उत्तर कसं लिहायचं? गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-टू परीक्षेत लेखनाचा दुसरा भाग औपचारिक असतो, पण तेवढ्यावर भागेलसं वाटत नाही. टेल्क या दुसऱ्या संस्थेची 'बी-टू प्लस बेरूफ' (नोकरीतल्या जर्मनची परीक्षा) कुणी दिलीय का? दर शनिवारी पुणं जमणार नाही (एसटीत नुसती झोप होते). सांगली-मिरजेत किंवा ऑनलाइन, पत्रं तपासून देणारं कुणी आहे का? फी पण सांगा. ॲप सुचवू नका, प्लीज.