'मारियानिस्मो'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती:
योलांडा लोपेझ या कॅलिफोर्नियातल्या चिकाना (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) चित्रकर्तीच्या १९७८ च्या ग्वादालुपे मालिकेवर लेख लिहितेय. ग्वादालुपे म्हणजे मेक्सिकोत पुजली जाणारी मरिया. 'मारियानिस्मो' हा शब्द टाळता येत नाही. एका जुन्या अनुवादात 'मेरीभक्ती' वाचलं, ते पटलं नाही. शिवाय 'ला विर्हेन' (स्पॅनिशमध्ये 'कुमारिका', म्हणजे मरिया) यासाठी 'कुमारी माता' लिहावं का?

वसईकर:
ताई, 'कुमारी माता' अजिबात नको. मराठी वर्तमानपत्रांत त्याचा अर्थ लग्नाआधी आई झालेली मुलगी असा ठरून गेला आहे. आम्ही 'पवित्र मरिया' म्हणतो, गोव्यात 'सायबीण', वांद्र्याला 'मोत माउली'. तुम्ही 'ग्वादालुपेची माउली' लिहा, वाचकाला लगेच कळेल.
'मेरीभक्ती'ही चुकीचंच. सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला मेणाचा हात किंवा पाय वाहायला रांगेत उभी असलेली बाई भक्ती करत असते. मारियानिस्मो म्हणजे मरियेचं नाव पुढे करून बायकांवर लादलेली अपेक्षा: शुद्ध राहा, सगळ्यांसाठी झिज, तक्रार करू नकोस. एव्हलिन स्टीव्हन्स यांनी १९७३ मध्ये माचिस्मोची, म्हणजे पुरुषी वर्चस्वाच्या आदर्शाची, दुसरी बाजू म्हणून ही कल्पना मांडली. सगळ्या लॅटिन अमेरिकेतल्या बायकांना एकाच मापाने मोजलं म्हणून पुढे त्यावर टीकाही झाली. लेखात तेही यावं.

शब्दवेडा:
मग 'पातिव्रत्य' का नको? अपेक्षा त्याच आहेत.

धागाकर्ती:
दादा, पातिव्रत्य नवऱ्याभोवती फिरतं. इथे आदर्श आहे तो आईचा, आणि या चित्रांत तर नवरा कुठेच नाही. एका चित्रात लोपेझची आई शिलाई मशीनवर बसून माउलीचा ताऱ्यांचा निळा शेला स्वतः शिवतेय. दुसऱ्यात आजी बसलीय, हातात सुरी आणि सोललेला साप. तिसऱ्यात खुद्द चित्रकर्ती धावण्याचे बूट घालून उडी मारत बाहेर येतेय, एका मुठीत साप, दुसऱ्या हातात तोच शेला. मूळ प्रतिमेत माउलीची नजर खाली आणि हात जोडलेले. इथे हात कामात आहेत. मला यात देवीची टिंगल दिसत नाही. शिवणकाम करून थकलेल्या बाईला देवीच्या जागी बसवणं हा मला आदरच वाटतो.

वसईकर:
सहमत. आणखी एक, देवीभोवतीच्या किरणांना 'प्रभामंडळ' म्हणू नका, ते डोक्यामागचं वर्तुळ. ग्वादालुपेचे किरण अख्ख्या देहाभोवती आहेत, त्याला आपला 'प्रभावळ' शब्द चपखल बसतो. आपल्या देवांच्या मूर्तीमागेही तीच असते.

शब्दवेडा:
प्रभावळ छान! मारियानिस्मोसाठी 'सोशिकपणा' सुचवू का? स्पॅनिशमध्ये 'आग्वांतार' म्हणतात ना, सोसणं, निभावणं.

धागाकर्ती:
'सोशिकपणा' जवळ जातो, पण तो स्वभाव झाला. मारियानिस्मो ही समाजाने घालून दिलेली चौकट आहे. म्हणून पहिल्यांदा 'मारियानिस्मो, म्हणजे मरियेसारखी सोशीक आणि निष्कलंक राहण्याची सक्ती' असं लिहून पुढे मूळ शब्दच ठेवते. ती सक्ती नाकारणाऱ्या बाईवर समाज केवढा चिडतो, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे शहरात दिसलं. आल्मा लोपेझ या दुसऱ्या चिकाना चित्रकर्तीने माउलीला गुलाबांच्या फुलांची अंतर्वस्त्रं घालून कमरेवर हात ठेवून उभं केलं होतं. तिथल्या आर्चबिशपनी आक्षेप घेतला, निदर्शनं झाली. तेव्हा 'विटंबना' हाच शब्द सगळ्यात जोरात घुमला असणार. आपल्याकडेही तो पटकन तोंडात येतो, म्हणून लेखात मी तो फक्त आक्षेप घेणाऱ्यांच्या तोंडी ठेवणार आहे.

नवा वाचक:
'लॅटिनेक्स' लिहायचं की 'चिकाना'?

धागाकर्ती:
या चित्रकर्तींसाठी 'चिकाना'. त्या चळवळीतल्या स्त्रियांनी तो स्वतः निवडला होता. 'लॅटिनेक्स' हा लॅटिन अमेरिकी वंशाच्या सगळ्यांसाठीचा, स्त्री-पुरुष भेद न करणारा, अलीकडचा आणि बराचसा विद्यापीठी शब्द. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार अमेरिकेतले जेमतेम ३ टक्के हिस्पॅनिक लोक स्वतःसाठी तो वापरत. आजच्या तरुण कलाकारांबद्दल लिहिताना, त्यांनी स्वतः तो वापरला असेल तर जरूर ठेवावा.

वसईकर:
लेख झाला की दुवा द्या, ताई. आजीच्या हातातल्या सापाबद्दल सविस्तर लिहा. बायबलातला साप की मेक्सिकोच्या जुन्या देवीचा, हा प्रश्न आमच्या पॅरिशमधल्या बायकांनाही आवडेल.