रंकाळ्याजवळ राहायला येतोय, वर्षभर तिथे काय काय असतं?

विदर्भातला_पाहुणा

नमस्कार मंडळी. नागपूरहून कोल्हापूरला बदली झालीय, जूनमध्ये सामान हलवायचं आहे. रंकाळा तलावाच्या पदपथ उद्यानापासून चालत पाच मिनिटांवर एक घर पाहून ठेवलंय, टोकन अजून दिलं नाही. घरात बायको, नऊ वर्षांची पोरगी आणि बाबा, त्यांचं वय ७१. नागपूरला आमची संध्याकाळ ठरलेली असायची, फुटाळ्यावर जायचं, पोरीला कणीस आणि बाबांना बसायला जागा, बस तेवढंच, म्हणून घर शोधताना आधी तलाव शोधला असं म्हणा ना. आता विचारायचं असं की रंकाळ्यावर सणवाराला नेमकं काय असतं, का फक्त भेळेच्या गाड्या आणि कपल्स? एजंट म्हणतो "साहेब, सगळे सण गॅलरीतून दिसतात", ते ऐकून बायको खूश आणि मी टेन्शनमध्ये, कारण सगळे सण गॅलरीतून दिसतात म्हणजे सगळे स्पीकरही गॅलरीतूनच ऐकू येणार. आणि पोळा तिकडे नसतो म्हणे? पोरगी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल स्वतःच्या बॅगेत भरून बसून राहिली आहे, तिला काय सांगू?

पेठेतला_गडी

या की ओ, कोल्हापूर आपलंच हाय. पैलं पोरीचं मिटवू. पोळा न्हाई, पण आमच्याकडं बेंदूर असतोय आणि तो पोळ्याच्या आधीच येतोय, आषाढात. कुंभार गल्लीत, मंडईत मातीची बैलं विकायला बसतात, ती घरी आणून पुजायची, पुरणपोळी हाणायची. लाकडी बैल शेजारी ठेवला तर आमची मातीची बैलं काय शिंगं मारत न्हाईत, घेऊन या बिनधास्त.

आता रंकाळा. बगा, रंकाळ्यावर "कार्यक्रम" शोधायला गेलासा तर निराश व्हाल. रंकाळा म्हंजे कट्टा. सकाळी पाचपासनं फिरणारी म्हातारी-कोतारी, त्यात निम्मी फिरत्यात आणि निम्मी कठड्यावर बसून राजकारण मिटवत्यात, तुमच्या बाबांना चार दिवसांत ग्रुप मिळंल, न मिळाला तर मला सांगा. संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला गाड्या लागतात, भेळ, रगडा, लोणी डोसा, भाजलेली कणसं, आणि सूर्य पलीकडं शालिनी पॅलेसच्या मागं उतरतोय ते बघत मंडळी बसलेली. तो पॅलेस १९३०च्या दशकातला, मधे बरीच वर्षं हॉटेल होतं, आता लांबनंच बघायचा. पोरीला नंदीच्या देवळात न्या, मोठा दगडी नंदी हाय. आमची आजी सांगायची की तो रोज गव्हाएवढा पुढं सरकतोय आणि तांदळाएवढा मागं येतोय, आणि ज्या दिवशी रंकाळ्यात पोचंल त्या दिवशी जगबुडी. आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोरानं त्या नंदीच्या पायापुढं खडूनं रेघ मारून बघितलीय. संध्यामठ बी दाखवा, पाण्यात उभा असलेला दगडी मंडप, उन्हाळ्यात पाणी उतरलं की चांगला उघडा पडतोय.

भेळेचं म्हणाल तर चौपाटीवर खावा पण खरी राजाभाऊची, खासबागेत. हे लिहिल्यावर आता भांडणं लागणार मला म्हाईत हाय.

तेरड्याची_गौर

भेळेवर नको बाई, त्या विषयावर आधीचेच धागे अजून धुमसतायत.

पाहुणे, तुमच्या मिसेसना सांगा की रंकाळ्याचा खरा सण बायकांचा आहे आणि तो गौरीचा. आमच्याकडे बहुतेक घरांत गौर म्हणजे मुखवट्याची नंतर, आधी तेरड्याची रोपं. त्या दिवशी दुपारनंतर बायका, मुली नटून-थटून पाणवठ्यावर येतात, कुणी पंचगंगेच्या घाटावर, आणि आमच्या भागातल्या सगळ्या रंकाळ्यावर. तेरड्याची जुडी कलशात ठेवायची, पाणवठ्यावरचे पाच खडे घ्यायचे, तिथेच हळदीकुंकू, आरती, मग जागच्या जागी झिम्मा-फुगडी सुरू, नऊवारी खोचून साठीतल्या काकू फुगडी घालतात आणि कठड्यावर बसलेली कॉलेजची पोरं आपोआप गप्प होतात 😄 मग गाणी म्हणत गौर घरी, दारात पायांवर पाणी ओतून आत घ्यायची आणि त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य. दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतो, तोही असाच पाणवठ्यावरून, हे तुम्हाला नागपूरलाच काय पुण्यातही सहसा दिसणार नाही. माझं माहेर सांगलीकडचं, लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं की सासूबाई गंमत करतायत, "जा, रंकाळ्यावरनं शंकराला घेऊन ये" म्हणाल्या सरळ.

घरगुती गणपतीही गौरीबरोबरच जातात. पूर्वी थेट तलावात सोडायचे, आता काठावर मोठ्या काहिली ठेवलेल्या असतात, गुऱ्हाळात गुळासाठी वापरतात त्या, पाण्याने भरलेल्या, त्यात मूर्ती बुडवून दान करायची, निर्माल्य वेगळं द्यायचं. सुरुवातीला घरोघरी यावरून वाद झाले, आमच्या सासऱ्यांनी तर दोन वर्षं तोंड वाकडं केलं, आता तेच शेजारच्यांना मूर्ती दान करा म्हणून सांगत असतात. त्या संध्याकाळी काठाला आलात तर सगळं गाव तिथे भेटतं, प्रत्येकाच्या हातात खोबरं-चुरमुऱ्याची खिरापत, आणि कुणाचीही घ्यायची, ओळख लागत नाही.

स्पष्ट_बोलतो

सगळे गुलाबी चित्र रंगवून राहिलेत म्हणून थोडं दुसरं पण सांगतो, मी पंधरा-सोळा वर्षं त्याच पट्ट्यात राहतोय. रंकाळ्याच्या पाण्याची अवस्था काही काळ चांगली असते, काही काळ वाईट. सांडपाणी, केंदाळ (जलपर्णी), मग ते काढायची मोहीम, मग फोटो, मग पुन्हा केंदाळ. उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं की वास येतो, गॅलरी तलावाकडे असेल तर तो वास तुमच्या चहात पण येणार. एजंट हे सांगणार नाही. आम्ही लहानपणी पाठीला डबा बांधून याच पाण्यात पोहायला शिकलो, माझ्या पोराला मात्र मी फी भरून टँकवर घालतो, यातच काय ते समजा.

दुसरं, अनंत चतुर्दशी. सार्वजनिक गणपतींची मिरवणूक खासबागेतून निघते, तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती पहिला, मग मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड करत पुढे. पूर्वी शेवट पंचगंगेवर व्हायचा, आता मोठ्या मूर्ती इराणी खाणीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत जातात, आणि इराणी खाण कुठे आहे तर रंकाळ्याला लागून. म्हणजे शेवट तुमच्या घराच्या दिशेला. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते हे ऐकून माहीत असेल, पण एकवीस फुटी मूर्ती क्रेनला लटकवून खाणीत उतरवताना बघणं हा वेगळा प्रकार आहे, तिथे पहाटे तीनला पण लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसलेली असतात. मी दरवर्षी शिव्या घालतो आणि दरवर्षी बघायला जातो. पण ७१ वर्षांचे बाबा आहेत तर मेन रोडवरचं घर घेऊ नका, आतल्या गल्लीत दोन-तीन बिल्डिंगा मागे घ्या. भाडं थोडं कमी पडेल आणि बेस काळजात वाजणार नाही. गाडी आदल्या रात्रीच लांब कुठेतरी लावून ठेवायची.

विदर्भातला_पाहुणा

सगळ्यांचे आभार, बायकोला गौरीचं वाचून दाखवलं तर ती आत्ताच तेरडा कसा दिसतो ते गुगल करत बसली. @स्पष्ट_बोलतो, वासाचं बरं सांगितलंत, मे महिन्यात परत येऊन दुपारी चक्कर मारतो. बाबा विचारतायत की दिवाळीत काय, आणि कोल्हापुरात म्हैस समोर पिळून दूध देतात ते खरं आहे का का रील्समधलं आहे?

गंगावेशकर

रील्स काल आल्या ओ, दूध कट्टा आमच्या आज्ज्याच्या वेळचा हाय. गंगावेशीत संध्याकाळी-रात्री या, म्हशी रस्त्याकडंला उभ्या असतात, तुम्ही ग्लास धरायचा, समोर धार काढून देतात, वर बोटभर फेस, कोमट असतंय, साखर बिखर काय न्हाई. पैल्यांदा पिणाऱ्याला जरा वेगळं लागतंय पण बाबांना दोन दिवसांत सवय लागंल. रंकाळ्यावरनं फिरून यायचं, गंगावेशीत ग्लासभर दूध मारायचं आणि घरी जाऊन झोपायचं, आमच्या वडलांचा हाच टाइमटेबल होता आणि तालमीतली पोरं तर लिटरनं पितात.

आणि दिवाळी म्हंजे म्हशींचीच. पाडवा-भाऊबीजेला गवळी लोकं म्हशी सजवून आणतात, आदल्या दिवशीपासनं तयारी, अंगावरचं केस भादरून त्यात नक्षी काढायची, काय जणं मालकाचं नाव काढतात, शिंगं रंगवायची, शिंगाला मोरपिसं, गळ्यात कवड्याच्या माळा, पायात तोडं. मग शर्यत न्हाई, रुबाब. मालक बुलेट न्हाईतर जुनी राजदूत घेऊन पुढं, सायलेन्सर काढलेला, ॲक्सिलेटर पिळला की त्या आवाजावर म्हैस शेपूट वर करून मागनं पळत येतीय, हजार माणूस दुतर्फा आणि म्हशीला फक्त आपल्या गाडीचा आवाज कळतोय. दुसऱ्याची गाडी वाजली तर ढुंकून बघत न्हाई. सागरमाळावर, पंचगंगा घाटाकडं बघायला मिळंल. रंकाळ्याच्या परताळ्यात, म्हंजे तलावाच्या एका बाजूला, म्हशी धुवायला आणायची ती गर्दी मी लहानपणी बघितलीय, त्यामुळं माझ्या डोक्यात रंकाळा म्हणलं की आधी म्हैस येतीय, नंतर चौपाटी, माफ करा.

दिवाळी झाली की त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लागतात, चारला उठा, सातला जाऊन काय दिसत न्हाई.

तेरड्याची_गौर

दिवाळीच्याच आसपासचं अजून एक राहिलं, किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या पायांपासून वर चढत जातात. ती रंकाळ्याच्या बाजूनेच येतात, त्यामुळे मधल्या वस्तीतल्या इमारतींचे अडथळे किती यावर दरवर्षी चर्चा. ढग आले की सगळं देऊळ हळहळतं. देवळात शिरायला गर्दी फार, पण त्याच वेळी रंकाळ्याच्या काठाला उभं राहून सूर्य बघणं पण काही वाईट नाही, मी तेच करते आणि आत किरण कुठवर पोचले ते नणंदेला फोन करून विचारते.

नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाई देवीच्या देवळात जाते, तिथे कोहळा फोडतात, पण लहान मुलीला त्या झुंबडीत नेऊ नका, कोहळ्याचा तुकडा मिळवायला लोक अक्षरशः तुटून पडतात. तिला दसरा चौकात न्या, सोनं लुटायला, छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते ती पोरांना फार आवडते.

पेठेतला_गडी

टेंबलाईचं निघालं म्हणून सांगतो, तुम्ही जूनमध्ये येताय म्हंजे पैला सण तोच मिळणार. आषाढात मंगळवारी, शुक्रवारी पंचगंगेचं नवीन पाणी घागरीतनं डोक्यावर घेऊन बायका टेंबलाईला जातात, पुढं पी-ढबाक. पी-ढबाक म्हंजे काय विचारू नका, ऐकल्यावर कळतंय, एक सनई आणि एक ढोलकं, पण पाय आपोआप हलाय लागतात.

आणि हो, कोल्हापूरकराचा अजून एक सण हाय जो कुठल्या कॅलेंडरात न्हाई, पूर बघाय जाणं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झाली की इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे पोरगीला शाळेच्या पाढ्यांआधी पाठ होतील. ३५ झालं की लोक छत्री घेऊन, कणीस खात, पाणी कुठवर आलं बघाय बाहेर पडतात. २०१९ आणि २०२१ नंतर त्यातली मजा जरा कमी झाली, खरं सांगायचं तर ४३च्या पुढं गेलं की कुणी कणीस खात न्हाई, मदतीला पळतात. घर घेताना त्या दोन्ही सालात त्या गल्लीत पाणी आलतं का एवढं शेजारच्या किराणावाल्याला विचारा, एजंटला नगं.

स्पष्ट_बोलतो

+१, किराणावाला आणि इस्त्रीवाला दोघांनाही.

विदर्भातला_पाहुणा

विचारतो. रंगपंचमीचं एक सांगा फक्त, आमच्याकडे धुळवडीलाच रंग खेळून होतात, ऑफिसला त्या दिवशी काय?

गंगावेशकर

धुळवडीला मटणाच्या दुकानापुढं रांग आणि रंग पाचव्या दिवशी रंगपंचमीला. ऑफिस चालू असतंय पण जाताना पांढरा शर्ट घालू नका, पोरं ओळख विचारत न्हाईत.

पेठेतला_गडी

आणि टोकन द्यायच्या आधी एक काम करा. मेमध्ये येताय न्हवं, रविवारी संध्याकाळी सात वाजता चारचाकी घेऊन त्या घराच्या दारापर्यंत जाऊन बगा. पोचलासा तर घ्या.

विदर्भातला_पाहुणा

आणि नाही पोचलो तर?

पेठेतला_गडी

तर जिथं अडकलासा तिथंच उतरून भेळ खावा, आणि टू-व्हीलरचं बुकिंग करा.