मदत हवी आहे: हलकी रायफल, कमी धक्का, हरणाची शिकार (न्यूझीलंड). कॅलिबर (काडतुसाचं माप) कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आधीच स्पष्ट करतो. मी गोव्यात, डिचोली तालुक्यात राहतो, पण प्रश्न इथल्या शिकारीचा नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, चितळ, भेकर सगळ्यांना अभय आहे आणि ते तसंच राहावं.

प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीसाठी आहे. ती नर्स आहे, न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडवर स्थायिक झाली आहे. तिथे हरीण मूळचं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेऊन सोडलं, त्याला खाणारं जनावर तिथे नाही, आणि आता ते जंगलात नवी रोपं वर येऊ देत नाही. म्हणून सरकारी जंगलात परवानगी काढून शिकार करता येते आणि मांस घरी खाल्लं जातं. बहिणीकडे शस्त्र परवाना आहे. आता तिला स्वतःची रायफल घ्यायची आहे.

ती पाच फुटांच्या आसपास उंच, अंगाने बारीक. डोंगर चढून जायचं, तेव्हा रायफल हलकी हवी. शेजाऱ्यांनी त्यांची हलक्या बांध्याची .३०८ विंचेस्टर वापरून बघायला दिली होती. खांदा दुखला, ते एक वेळ सोसता येतं. पण थोड्याच गोळ्यांनंतर बार व्हायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले, चाप ओढताना हात आखडायला लागला आणि गोळ्या लक्ष्याच्या खाली पडू लागल्या. कागदावर ते चालून जातं. जनावराच्या पोटात गोळी बसली आणि ते रात्रभर रानात तडफडत राहिलं तर काय, असं तिनेच मला विचारलं. पुढच्या पायामागे, छातीत, नेमकी गोळी जाईल ही खात्री होईपर्यंत ती रानात जाणार नाही. मला ते शंभर टक्के पटतं.

आमच्या घरात बंदूक नवी नाही. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखायला आजोबांच्या काळापासून परवान्याची बारा बोअर आहे, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते ती. पण त्या अनुभवावर रायफल निवडता येत नाही, आणि रायफल म्हटलं की आमच्याकडे सरकारी कारखान्याच्या .३१५ पलीकडे फारसं कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

गोळी आणि बारुदाचा वायू ज्या जोराने पुढे जातो, त्याच जोराने रायफल मागे येते. रायफल जितकी हलकी तितका धक्का मोठा. काडतूस तेच ठेवून चार किलोची रायफल तीन किलोवर आणली तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. दुर्बिणीसकट तीन किलो धरून माझा ढोबळ हिशेब असा आला: .२४३ विंचेस्टर (१०० ग्रेन गोळी; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सुमारे १५ ज्यूल, ६.५ क्रीडमूर (१४० ग्रेन) २१, ७ एमएम-०८ रेमिंग्टन (१४० ग्रेन) २३, .३०८ (१५० ग्रेन) २७. तीच .३०८ चार किलोच्या रायफलीत घातली तर २० वर येते, म्हणजे तीन किलोच्या क्रीडमूरपेक्षाही कमी! तेव्हा नुसतं कॅलिबर विचारून भागत नाही, वजन आधी ठरवायला हवं, हे मला इथे लक्षात आलं.

.३०८ (१९५२) च्याच काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं तोंड आवळून .२४३ (१९५५) आणि ७ एमएम-०८ (१९८०) झाल्या, तिघी सख्ख्या बहिणीच म्हणा. ६.५ क्रीडमूर २००७ ची, वेगळ्या घरची. .२४३ चा धक्का सगळ्यात कमी, पण १०० ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमची गोळी. तिकडच्या तांबड्या हरणाचा नर दीडशे किलोच्या आसपास भरतो. तिरका उभा असेल, गोळी खांद्याच्या हाडाला लागली, तर ती आत पुरेशी जाईल का? इथेच माझं अडतं. आणखी हलकी .२२३ तिकडे दाट झाडीत जवळून बरेच जण वापरतात म्हणे, पण नवशिक्या हातात ती द्यायला माझं मन धजत नाही. माझा कल ७ एमएम-०८ कडे आहे.

तर विचारायचं ते हे. बारीक अंगाच्या माणसाला तीन-सव्वातीन किलोच्या रायफलीत ७ एमएम-०८ झेपते का, की क्रीडमूरवर थांबावं? .२४३ ने तांबडं हरीण मारणारे कोणी इथे असतील तर गोळी कोणती वापरता? आणि नळीच्या टोकाला मझल ब्रेक (वायू बाजूला सोडून धक्का कमी करणारा) लावावा की सप्रेसर (आवाज दाबणारा)? तिकडे सप्रेसर कायदेशीर आहे. अंतर झाडीत शंभर मीटरच्या आत, वर उघड्या माळावर दोन-अडीचशेपर्यंत.

प्रतिसाद

दादा, मी नॉर्थ आयलंडवर असतो, शिकारीला जातो. मझल ब्रेकचा नाद सोडा. धक्का कमी करतो, पण आवाज बाजूला फेकतो, आणि तुमच्या बहिणीचे डोळे धक्क्याइतकेच आवाजाने मिटत असणार. सप्रेसर आवाजही कमी करतो, धक्काही. नळीच्या टोकाला तीन-चारशे ग्रॅम वाढतात, म्हणून नळी आखूड घ्यावी, वीस इंचांच्या आत. वेग थोडा घटतो, तुमच्या अंतरांना फरक पडत नाही.

कॅलिबरपेक्षा आधी दस्त्याचं माप बघा. साधारण दस्ता उंच पुरुषाच्या मापाचा असतो. पाच फुटांच्या बाईला तो लांब होतो, मान ताणावी लागते, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर येतो आणि मग साधा धक्काही लाथेसारखा लागतो. कंपन्यांचे आखूड दस्त्याचे कॉम्पॅक्ट प्रकार मिळतात, मागे मऊ रबरी पॅड असावा.

.२४३ ने मी हरणं पाडली आहेत. गोळी आतून सहज न फुटणारी, घट्ट बांधणीची हवी, आणि जनावर आडवं उभं असेल तरच चाप ओढायचा. अनुभवी माणसाला हे जमतं. नवीन शिकणाऱ्याला मी ७ एमएम-०८ देईन, १२० ग्रेनच्या गोळीपासून सुरुवात करून. धक्का १४० पेक्षा कमी. डोळे मिटायची सवय मात्र नवी रायफल घेऊन जात नाही. .२२ वर भरपूर सराव करू द्या, कानात बोळे आणि वरून मफ दोन्ही. मग मोठ्या रायफलीत दुसऱ्याने तिच्या नकळत मधूनच नकली काडतूस भरायचं. बार होत नाही आणि नळी खाली झुकते, तिथे तिचं तिलाच कळतं.

धागाकर्ता

खूप आभार. दस्त्याच्या मापाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. शेजाऱ्यांचा माणूस सहा फुटी आहे, रायफल त्याच्या मापाची, मग दंडावरच बसणार. आज रात्री तिच्याशी बोलतो. आधी .२२ आणि सप्रेसर, दुकानात जाऊन कॉम्पॅक्ट दस्ता खांद्याला लावून बघायचा, आणि त्यात ७ एमएम-०८ असेल तर तीच. नसेल तर क्रीडमूर.

एकच राहिलं. १२० ग्रेनची शिशाची घ्यावी की पूर्ण तांब्याची? मांस घरात खायचं आहे आणि तिची मुलगी लहान आहे, शिशाचे कण तिच्या पोटात जायला नकोत, म्हणून तांब्याकडे मन जातं. पण आखूड नळीतून वेग कमी झाल्यावर दोनशे मीटरवर तांब्याची गोळी नीट उमलते (जनावराला लागल्यावर पसरते) का? वापरली असेल त्यांनी जरूर लिहा.